नोंदीबाहेरची दुखणी

वैद्यकीय वाङ्मयात ग्रामीण स्त्री दीर्घकाळ गर्भवती, बाळंतीण किंवा कुटुंबनियोजनाची लाभार्थी म्हणूनच वावरली; अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी अशा स्त्रीरोगांची, म्हणजे गरोदरपणाव्यतिरिक्तही जडणाऱ्या जननेंद्रियांच्या विकारांची, दखल क्वचितच घेतली गेली. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या 650 स्त्रियांना तपासून 1989 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना असा किमान एक विकार आढळला, आणि पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या जेमतेम 8 टक्के निघाल्या.

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातीलच, पुष्कळदा निरक्षर आणि दलित, स्त्रियांना ग्रामआरोग्यसेविका म्हणून शिकवून तयार केले. गरोदर बाईच्या पोटाला हात लावून बाळ आडवे आहे की नाही हे त्या ओळखू लागल्या. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून अभ्यासक आले. तरीही या सेविकांचे निरीक्षण हे ज्ञानच आहे, अशी नोंद वैद्यकीय ग्रंथांनी अधिक ठळकपणे करायला हवी होती.

वृत्तपत्रांचेही तेच. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया 2019 मध्ये मथळ्यांत आल्या; परंतु फडाजवळच्या कोपीत न्हाणी नसताना, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या बाईची रोजची कंबरदुखी बातमीत फारशी उतरली नाही.