हट्ट ‘बीबीसी इंग्लिश’चा

शाळेतून आलेलं पोर ‘बस’ला ‘बुस’ आणि ‘कप’ला ‘कुप’ म्हणायला लागलं, की इकडे इंग्लंडच्या उत्तरेत राहणारे आपल्यातले बरेच मराठी आईबाप अस्वस्थ होतात. घरात ‘नीट बोल’चा घोषा सुरू होतो, सुट्टीत उच्चाराचा क्लास शोधला जातो. मला हा हट्टच मुळात चुकीचा वाटतो. त्यात मुलांच्या भल्यापेक्षा आपली हौस जास्त दिसते.

ज्याला आपण ‘नीट’ म्हणतो ते इंग्रजी तरी कुणाचं? दक्षिण इंग्लंडमधल्या महागड्या निवासी शाळांत घडलेल्या एका वर्गाचं. डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली आपला उच्चारकोश काढला तो याच उच्चाराच्या आधारावर, आणि पुढे बीबीसीने रेडिओवरून तो घरोघरी पोचवला. बहुसंख्य इंग्रज तेव्हाही तसे बोलत नव्हते, आजही बोलत नाहीत. महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सचे विल्फ्रेड पिकल्स बीबीसीवर देशभरच्या बातम्या वाचू लागले, तर या असल्या उच्चारातल्या बातम्या खऱ्या कशा मानायच्या म्हणून श्रोत्यांनी कुरकुर केली. बातमी तीच, फक्त तोंड हॅलिफॅक्सचं! गंमत म्हणजे ज्यांच्या नावाने हे ‘क्वीन्स इंग्लिश’ चाललं, त्या राणी एलिझाबेथही जागच्या जागी राहिल्या नाहीत. त्यांची नाताळची भाषणं तपासून ध्वनिशास्त्रज्ञांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की १९५०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत त्यांचे स्वर दक्षिणेतल्या सामान्य लोकांच्या उच्चाराकडे सरकले होते. राणी सरकल्या. आपण अजून १९५०च्या दशकाला धरून बसलोय.

या हट्टापायी आपण काय गमावतो ते रस्त्यावर कळतं. डर्बी-नॉटिंगहॅमकडचा बसड्रायव्हर ‘एय अप, मी डुक’ म्हणतो तेव्हा समोर बाई आहे की बुवा, डॉक्टर आहे की झाडूवाला, हे बघत नाही. ब्रिस्टलला ‘माय लव्हर’, न्यूकॅसलला ‘पेट’, बर्मिंगहॅमला ‘बॅब’, ग्लासगोत बायकांना ‘हेन’. यॉर्कशरचा माणूस त्याहून काटकसरी; नुसतं ‘नाऊ देन’ म्हणतो आणि त्यातच नमस्कार-चमत्कार उरकतो. नवखा माणूस ‘लव्हर’ ऐकून दचकतो खरा, पण भाजीवालीला ‘मावशी’ आणि रिक्षावाल्याला ‘दादा’ म्हणत वाढलेल्यांनी दचकायचं कारण नाही. अनोळखी माणसाला घटकाभर आपला करून घ्यायची ही रीत आहे. तिला कडक इस्त्रीचं ‘गुड मॉर्निंग’ परत केलं की आपण सभ्य ठरतो आणि परकेही ठरतो. (ऑफिसात साहेबाने हाताखालच्या मुलीला ‘लव्ह’ म्हणणं मात्र निराळं. तिथे सलगीच्या आडून अधिकार बोलतो. ते खपवून घेऊ नये.)

पालकांची भीती खोटी आहे, असं माझं म्हणणं नाही. बर्मिंगहॅमचा उच्चार लोकमताच्या पाहण्यांत वर्षानुवर्षं तळाशी राहिला आहे. मुलाखतीला बसलेले लोकही तोंड उघडताच माणूस जोखतात. २०१०च्या समानता कायद्यात वंश, लिंग, धर्म, वय यांना संरक्षण आहे. उच्चार हा स्वतंत्र निकष म्हणून त्यात नाही. पण यावर क्लास हा उपाय नव्हे. मुलं बोलायला शिकतात ती आईबापांकडून कमी आणि सवंगड्यांकडून जास्त. नाहीतर आपल्या सगळ्यांची मुलं आपल्यासारखंच इंग्रजी बोलली असती. शिवाय मैदानावर एक, मास्तरांसमोर दुसरं आणि आजीशी फोनवर तिसरं, हे त्यांना कुणी न शिकवता जमतं. मुलाखतीच्या दिवशीही जमेल. त्यांच्या तोंडच्या ‘बुस’ला घरात हसून आपण एवढंच शिकवतो, की तुझ्या मित्रांची भाषा कमी दर्जाची आहे.

आणि बोलीला असं कमी लेखणं आपण इथे येऊन शिकलो असंही नाही. सामानाबरोबर आलंय ते. पुलंनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केलं, ते मराठीत इतकं बेमालूम बसलं, कारण बोलीवरून माणसाची पायरी ठरवायची खोड आपल्यालाही तितकीच आहे. आपल्या स्नेहसंमेलनांतली नाटकं आठवून पाहा. मालवणी बोलतो तो नोकर, वऱ्हाडी बोलतो तो विनोदी पाहुणा आणि शुद्ध बोलतो तो नायक. घरात हेच धडे गिरवलेल्या माणसाला ब्रॅडफर्डचं किंवा डडलीचं इंग्रजी गावंढळ वाटलं, तर नवल नाही.

तेव्हा पालकांनो, उच्चाराच्या क्लासची फी वाचवा आणि पोराला त्याच्या गावासारखं बोलू द्या. आणि नाटक बसवणाऱ्यांना एक विनंती: येत्या गणपतीत वऱ्हाडी बोलणाऱ्याला एकदा तरी सर्जन करा.