भंगाराच्या लिलावाआधी एक निर्णय हवा

रेल्वेचं इंजिन एकदा कंडम ठरलं की कागदावर त्याचं फक्त वजन उरतं: इतकं लोखंड, इतकं तांबं. मग लिलाव होतो आणि गॅसकटर चालतो. जुनी इंजिनं निघायलाच हवीत. नवी इंजिनं जास्त गाड्या, जास्त वेगाने आणि कमी खर्चात ओढतात. पण प्रत्येक प्रकारातलं एक तरी इंजिन, जिथे ते राबलं तिथेच, राखून ठेवायचा निर्णय लिलाव जाहीर होण्याआधी व्हायला हवा. आज तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी आस्थेवर सोडलेला असतो. मुंबईचं उदाहरण घ्या: 1925 साली व्हीटी ते कुर्ला 1500 व्होल्ट डीसीवर विजेची गाडी सुरू झाली. पुढे हीच वीज पुणे आणि इगतपुरीपर्यंत गेली. 2016 मध्ये हार्बर मार्गही एसीवर गेला आणि निव्वळ डीसीवर चालणाऱ्या इंजिनांना मुंबईत धावायला तारच उरली नाही. चित्तरंजनच्या कारखान्याने 1961 मध्ये बांधलेलं पहिलं विजेचं इंजिन याच मार्गांसाठी होतं आणि त्याचं नाव 'लोकमान्य'. पहिलं म्हणून ते वाचलं, पण ते आहे दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात.

फोटो आणि आराखडे आहेत, मग एवढं धूड कशाला सांभाळायचं, असं विचारलं जातं. आराखड्यात इंजिन कसं बांधायचं होतं ते कळतं. शेडमधल्या फिटरांनी चाळीस वर्षांत त्यात काय काय बदललं, कुठे पट्टी वेल्ड केली, कुठला स्विच हाताशी आणला, हे त्या यंत्रावरच दिसतं. घाटात गाडी मागून रेटणारं 'बँकर' म्हणून राबलेल्या, रेल्वेवाले 'खेकडा' म्हणायचे त्या विजेच्या इंजिनाचंच बघा. कर्जत-लोणावळा चढ 37 मीटरला एक मीटर. उतरताना हे इंजिन ब्रेक लावता लावता वीज परत तारेत सोडायचं. त्यातलं एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात आहे. त्याच्या चाकांना जोडणारे लांब दांडे पाहिले की मोटरची ताकद रुळापर्यंत कशी पोचायची ते लहान मुलालाही समजतं. वीज नसली तरी जुन्या इंजिनाचा पेंटोग्राफ बाहेरून दाबाची हवा देऊन वर उचलून दाखवता येतो. तेवढं केलं तरी ते नुसतं रंगवलेलं लोखंड राहणार नाही.

जागेचा आणि पैशाचा आक्षेप खरा आहे, म्हणून तर मागणी प्रकारामागे एकाचीच आहे. शेकडो इंजिनांच्या भंगारातून एकाची किंमत वजा झाल्याने रेल्वेचं काही बिघडत नाही. ब्रिटनने 1996 मध्ये कायदाच केला: रेल्वेची महत्त्वाची वस्तू आधी वारसा म्हणून नोंदवायची, मग ती परस्पर विकता येत नाही. आपल्याकडे घाई आता डिझेल इंजिनं काढण्याची आहे. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. चालू स्थितीतली काही डिझेल इंजिनं बांगलादेशला दिली गेली, ते योग्यच झालं. पण कोकणातल्या बोगद्यांतून गाड्या ओढलेलं अल्को बनावटीचं एक डिझेल इंजिन, त्याच्या दुरुस्तीच्या वह्यांसकट, रत्नागिरीत राहायला हवं. कंडम करण्याच्या आदेशातच त्यासाठी एक रकाना ठेवावा, आणि तो भरल्याशिवाय लिलावाची तारीख लागू नये.