परळीच्या भट्टीत कोणाची जमीन जळते?

छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात तमनार नावाचा तालुका आहे. तिथल्या चौदा गावांच्या जमिनीखाली कोळसा आहे आणि तो कोळसा आपल्याला हवा आहे. ‘आपल्याला’ हा शब्द मी विचार करून वापरतोय. गारे पेलमा सेक्टर-2 हा कोळसा पट्टा महानिर्मितीच्या नावावर आहे, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या वीजकंपनीच्या. खाण चालवायचं कंत्राट अदाणी समूहाकडे असलं तरी पट्टा सरकारी कंपनीचा आहे आणि ते सरकार आपल्या मतांवर उभं आहे. हा कोळसा तीन ठिकाणी जाळण्यासाठी मंजूर झाला: चंद्रपूर, कोराडी आणि आपल्या शेजारची परळी.

त्या गावांचं काय म्हणणं होतं? सप्टेंबर 2019 मध्ये जनसुनावणी झाली, ती पोलिसांच्या कडक बंदोबस्तात आणि गावांच्या विरोधात. जानेवारी 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने खाणीची पर्यावरण मंजुरी रद्द केली. जनसुनावणी नीट झाली नाही, हे त्यातलं एक कारण. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ती मंजुरी पुन्हा देऊन टाकली. जून 2025 मध्ये मुडागाव आणि सरईटोला इथे पोलिसांच्या पहाऱ्यात झाडं पडली, अडवायला आलेल्यांना ताब्यात घेतलं गेलं. त्याच तालुक्यात गारे भागातले लोक दर 2 ऑक्टोबरला स्वतःच्या जमिनीतला कोळसा स्वतः खणून काढतात. गांधीजींनी मीठ उचललं तसं. त्याला ते कोळसा सत्याग्रह म्हणतात.

हे सगळं मी आपल्या बैठकीत मांडलं की एक उत्तर ठरलेलं असतं. “भाई, ते आदिवासींचं प्रकरण आहे. आपल्यापुढे काय कमी प्रश्न आहेत?” प्रश्न कमी नाहीत, मान्य. पण आपले प्रश्न नेमके कोणते आहेत ते बघा. नोटीस न देता, म्हणणं न ऐकता घरावर बुलडोझर आला की आपण संविधान पुढे करतो, आणि ते बरोबरच आहे. मग चौदा गावांची सुनावणी नावापुरती झाली, लवादाने ती फेटाळली आणि तरी झाडं कापली गेली, तर तोच हक त्यांना लागू होत नाही का? न्यायाची साक्ष द्या, ती तुमच्या स्वतःच्या किंवा आईबापाच्या विरोधात जात असली तरी, ही कुरआनची शिकवण आपण जुम्याच्या खुतब्यात कितीदा तरी ऐकली आहे. एरवी आपण जुलूम सोसणाऱ्यांच्या बाजूला उभे असतो, तिथे साक्ष देणं त्या मानाने सोपं असतं. इथे आपण लाभार्थी आहोत. गंजगोलाईतल्या दुकानाचा पंखा आणि देगलूर नाक्यावरच्या घरातला फ्रिज त्याच व्यवस्थेवर चालतो. (परळीची वीज नेमकी कोणाच्या घरात जाते असं कोणी विचारेल. तारांमध्ये सगळी वीज एकत्र होते, त्यामुळे हिशेबही सगळ्यांचा एकत्रच आहे.)

कोळशाची किंमत फक्त तमनार मोजतंय असंही नाही. परळीला वर्षानुवर्षं सिंगरेणीचाही कोळसा येत आला. नांदेडच्या घाटावरून वाहणारी गोदावरी पुढे तेलंगणात जाते, तिथे गोदावरीखनी नावाचं खाणगाव आहे. 16 जून 2003 रोजी तिथल्या एका खाणीत पाणी घुसलं आणि 17 कामगार आतच गेले. आपल्याच नदीच्या खालच्या अंगाला, नांदेडपासून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर. आपल्या कोणत्या सभेत त्यांची नावं घेतली गेली?

आणि पाणी. लातूरकरांना हे सांगावं लागू नये. जुलै 2015 मध्ये पाण्याअभावी परळीचे संच बंद पडले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत साधारण पाच लाख लिटर. आता एक साधा गुणाकार करा. केंद्राने डिसेंबर 2015 मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाण्याची मर्यादा घातली, एका मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर. 250 मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवला तर मर्यादेत राहूनही दोन कोटी दहा लाख लिटर लागतात. म्हणजे तशा बेचाळीस रेल्वेगाड्या, एका संचाला, एका दिवसात. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नका असं आपल्याला शिकवलं गेलं आहे. नळाखाली तोटी सोडून बसलेल्या पोराला मशिदीत सगळे दटावतात. या संचाला कोण दटावणार?

शेवटी राख. आपल्या देशी कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राखच असते. ती परळीच्या तळ्यांत साचते, तिथून टिपरांनी वीटभट्ट्यांवर आणि सिमेंटकडे जाते, वाटेत रस्त्यावर आणि छातीत उतरते. जानेवारी 2025 मध्ये परळी तालुक्यातल्या एका सरपंचांचा राखेच्या टिपरच्या धडकेत जीव गेला. त्याच्या थोडंच आधी, डिसेंबर 2024 मध्ये, राखेच्या धंद्यातल्या गुंडगिरीवर विधिमंडळात आरोप झाले. चर्चा झाली ती हप्त्यांची आणि नेत्यांची. ती राख रोज श्वासात घेणाऱ्या टिपरच्या क्लीनरची, भट्टीवर विटा थापणाऱ्या बाईची चर्चा कोणी केली नाही. त्यात मुसलमान आहेत, दलित आहेत, वंजारी आहेत. राख कोणाची जात विचारत नाही, पण बंगल्यापर्यंतही पोहोचत नाही.

“मग काय, केंद्र बंद करायचं? पोरांच्या नोकऱ्या?” हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळणाऱ्या पर्यावरणवाद्यांशी माझं भांडण आहे. संच थांबला की पहिल्यांदा घरी बसतो तो कंत्राटी कामगार. म्हणूनच कुठला संच कधी बंद होणार हे वेळापत्रक आधी जाहीर व्हावं, आणि त्यात कंत्राटी कामगाराच्या पुढच्या रोजगाराची तरतूद लेखी असावी. पाणी आटलं म्हणून एका रात्रीत कुलूप लावणं हे सरकारला चालतं, तेव्हा नोकऱ्यांची काळजी कोणालाच आठवत नाही. मराठवाड्यात ऊन कमी नाही, जमीन पडीक आहे. कामगार आहेत. नवीन खाणीसाठी जंगल कापण्याची घाई मात्र परळीच्या पोरांसाठी आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याने त्या पोरांना पगाराची पावती दाखवायला सांगावं.

महानिर्मिती सरकारी कंपनी असल्याने माहितीचा अधिकार तिला लागू आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. नांदेड आणि लातूरच्या आपल्या प्रत्येक शाखेने एकेक अर्ज टाकावा, मराठीत, हे चार प्रश्न विचारून: गारे पेलमाचा किती कोळसा परळीसाठी धरला आहे? त्या चौदा गावांपैकी कोणत्या ग्रामसभांनी लेखी संमती दिली? परळीची राख गेल्या तीन वर्षांत कोणाला, किती दराने दिली? आणि केंद्रात किती कंत्राटी कामगार आहेत, त्यांच्या फुप्फुसांची तपासणी शेवटची कधी झाली? उत्तरं आली की ती इथेच छापू. तीस दिवसांत आली नाहीत तर पहिलं अपील करायचं, त्याचा मसुदा माझ्याकडे तयार आहे.