सुभेदारकीच्या पुढचा दरवाजा

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाच वाजता रस्त्यावर उभे राहा. अंधारात धावणारी पोरे दिसतील. भरतीची तयारी चालू असते. त्यांत आपल्या वस्तीतील पोरेही असतात. पूर्वी या धावण्याला अर्थ होता. एकदा पोरगा फौजेत लागला की पंधरा-सतरा वर्षांची नोकरी, नंतर जन्मभर पेन्शन, त्यावर घर उभे राहायचे, धाकट्या भावंडांची शिक्षणे व्हायची. जून 2022 मध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना आणली आणि हा हिशेब मोडला. आता नोकरी चार वर्षांची. शंभरातील पंचवीस कायम होऊ शकतात. बाकीच्यांनी सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन घरी यायचे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झाले. तिची चार वर्षे 2027 च्या उंबरठ्यावर भरतात.

अग्निपथवर आपल्याकडे सभा झाल्या, मोर्चे निघाले. परंतु एका गोष्टीकडे फारसे कोणी बोट दाखवले नाही. ही योजना फक्त जवानांसाठी आहे. अधिकाऱ्यांच्या कमिशनला सरकारने हात लावलेला नाही. डेहराडूनच्या आय.एम.ए.मधून बाहेर पडणाऱ्या लेफ्टनंटला आजही कायम कमिशन मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे मूळ वेतन 56,100 रुपये आणि त्यावर 15,500 रुपये लष्करी सेवा वेतन. अकादमीत शिकत असतानाच त्याला 56,100 रुपये विद्यावेतन सुरू होते. म्हणजे खालचा मजला कंत्राटी झाला, वरचा मजला शाबूत राहिला. मग आपली पोरे खालच्याच मजल्याच्या दारात का गर्दी करतात?

याचे उत्तर इतिहासात आहे. दर 1 जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापुढे नतमस्तक होतो. 1818 च्या त्या लढाईत आपले पूर्वज शर्थीने लढले, पण हुकूम देणारा कॅप्टन स्टॉन्टन होता. पुढे कंपनीच्या आणि राणीच्या फौजेत महार शिपाई सुभेदारापर्यंत चढला. रामजी सकपाळ सुभेदार झाले, फौजेच्या शाळेत शिक्षक झाले, आणि त्या घरातूनच बाबासाहेब घडले. सुभेदारकीच्या पुढे मात्र भिंत होती. 1892 च्या सुमारास इंग्रजांनी लढाऊ जातींचे खूळ काढून महारांची भरतीच बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेपर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून 111 वी महार पलटण उभी केली आणि 1921 मध्ये मोडून टाकली. पहिल्या गोलमेज परिषदेच्या संरक्षण उपसमितीत बाबासाहेबांनी फौजेची भरती सर्व भारतीयांना खुली करण्याचा आग्रह धरला. अखेर 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली.

ही रेजिमेंट आज सर्व समाजांची मिश्र रेजिमेंट आहे. तिच्यातून के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख निघाले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील 1987 च्या बलिदानाबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. या सर्वांविषयी आदर आहेच. परंतु आपल्या नावाच्या रेजिमेंटमध्ये हुकूम देणाऱ्यांत आपले किती, हा प्रश्न आदर राखूनही विचारता येतो.

लढाऊ सैन्यदलांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही. सैनिक शाळेत पंधरा टक्के जागा अनुसूचित जातींना राखीव आहेत, पण आरक्षण त्या शाळेच्या फाटकाशीच संपते. पदवीधरांसाठी लोकसेवा आयोगाची सी.डी.एस. परीक्षा असते. तिथे आपल्या उमेदवाराला 200 रुपयांचे परीक्षा शुल्क माफ! वयात सवलत नाही, जागा राखीव नाहीत. सामान्य ज्ञान आणि गणिताच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत निघतात, मराठीत नाही. दोनशे रुपयांत राज्यकर्त्यांचा सामाजिक न्याय आटोपला.

तरीही एक दरवाजा असा आहे, जो कॉलेजात शिकता शिकता उघडतो आणि ज्याला फारसा पैसा लागत नाही. तो म्हणजे एन.सी.सी. 1948 च्या कायद्याने ही राष्ट्रीय छात्र सेना स्थापन झाली. आपल्याकडे तिची ओळख रविवारची परेड, नाश्ता आणि भरतीतले वाढीव गुण इतकीच आहे. खरी किंमत वेगळीच आहे. ज्याच्याकडे 'सी' सर्टिफिकेट किमान 'बी' श्रेणीत आहे आणि पदवीला एकूण 50 टक्के गुण आहेत, असा एकोणीस ते पंचवीस वर्षांचा अविवाहित तरुण लेखी परीक्षा न देता सरळ एस.एस.बी.च्या मुलाखतीला जाऊ शकतो. एन.सी.सी. स्पेशल एंट्री म्हणतात ती हीच. मुलींसाठीही ती आहे. जागा थोड्या असतात, हे खरे. पण इंग्रजी-गणिताच्या लेखी चाळणीत अडकणाऱ्या पोरांसाठी ही वाट मोलाची आहे.

एस.एस.बी. म्हणजे पाच दिवसांची कसोटी. अंधूक चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायला लावतात. एकेक शब्द पंधरा सेकंद डोळ्यांपुढे येतो, त्यावर वाक्य लिहायचे. फळी, दोर आणि ओंडका घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे. चौघांपुढे उभे राहून तीन मिनिटे बोलायचे. मग मुलाखत; तिच्यात वडील काय करतात इथपासून चौकशी. इथे कोणी जात विचारून नापास करतो, असा माझा आरोप नाही. पण इथे जे तोलले जाते, म्हणजे पुढाकार, बोलण्यातला ठामपणा, चार जणांना कामाला लावण्याची सवय, ते कर्नलच्या पोराला जेवणाच्या टेबलावर फुकट मिळते. ऊसतोड कामगाराच्या, सफाई कामगाराच्या पोराला ते कुठे मिळणार? तीन वर्षे ज्याने तुकडीला हुकूम दिले, कॅम्पमध्ये परप्रांतातल्या पोरांबरोबर दहा-दहा दिवस काढले, त्यालाच ते थोडेफार मिळते.

डॉ. मुंजे यांनी 1937 साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. त्यांच्या विचारसरणीशी आपले वैर आहे. पण फौजेतले हुकूम कोण देणार, हा प्रश्न त्यांना तेव्हा कळला होता आणि आपल्या संघटना अजून भरतीपूर्व प्रशिक्षणातच अडकल्या आहेत. समाजकल्याणच्या योजनाही शिपाई भरतीच्याच.

अमेरिकेतील काळ्यांनी हा धडा लवकर घेतला. तिथे आर.ओ.टी.सी. नावाची व्यवस्था आहे. विद्यार्थी कॉलेजात पदवी घेतो, सोबत लष्करी शिक्षण घेतो आणि पदवीबरोबर थेट कमिशन मिळवतो. निवडक विद्यार्थ्यांची फीसुद्धा सरकार भरते. आपली एन.सी.सी. तिच्यापुढे अर्धीच आहे, कारण ती कमिशन देत नाही, फक्त मुलाखतीपर्यंत नेते. जमैकाहून आलेल्या आईबापांचा मुलगा कॉलिन पॉवेल न्यूयॉर्कच्या सरकारी सिटी कॉलेजात याच वाटेने शिकला, 1958 साली अधिकारी झाला आणि 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च लष्करी पदावर पोहोचला. व्हिएतनामच्या युद्धात खाली काळे शिपाई आणि वर गोरे अधिकारी, यातून फौजेत किती विष कालवले गेले हे त्यांच्याच निवृत्त सेनानींनी 2003 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला लेखी सांगितले. 2023 मध्ये त्याच न्यायालयाने कॉलेज प्रवेशातील वंशाचा विचार रद्द केला, तेव्हाही लष्करी अकादम्यांचा प्रश्न बाजूला ठेवला. 2025 मध्ये ट्रम्प सरकारने तिथेही तो बंद पाडला. पण निदान प्रश्न मांडला गेला, सेनानींनीच मांडला. आपल्याकडे तो उच्चारला तरी देशद्रोहाची भाषा सुरू होते.

बारावीनंतर पोरापुढे दोन रस्ते येतात. अग्निवीर व्हायचे, तर साडेसतरा ते एकवीसच्या दरम्यान. चार वर्षांनी परत आल्यावर हातात नियमित पदवी नाही आणि अधिकारी होण्याचे वयही सरत आलेले. दुसरा रस्ता पदवीचा. घरी पैसा नसला की पहिला रस्ता जवळचा वाटतो, त्याला दोष देता येत नाही. दुसऱ्या रस्त्यावर टिकायचे तर आधार लागतो, आणि तो आपणच द्यायचा आहे. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतानाच कॉलेजात एन.सी.सी.चे युनिट आहे का, हे पाहिले पाहिजे. पुष्कळ विनाअनुदानित कॉलेजांत ते नसते. निवड पहिल्याच वर्षी होते, ती चुकली की संधी हुकली. 'बी' सर्टिफिकेट हाती येताच कंटाळून सोडणाऱ्यांना तिसऱ्या वर्षापर्यंत धरून ठेवले पाहिजे. रविवारी मजुरीला जाणाऱ्या पोराची परेड बुडते, हजेरी कमी पडते, परीक्षेला बसू देत नाहीत. त्या दिवसाची मजुरी विहाराच्या वर्गणीतून द्यायला काय हरकत आहे? जयंतीच्या डी.जे.ला पैसे कमी पडल्याचे कधी ऐकले नाही.

नाशिकरोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे सी.डी.एस. आणि एस.एस.बी.ची तयारी राहण्या-जेवणासह मोफत करून घेतात. 'सी' सर्टिफिकेटवाल्यांनाही तिथे एस.एस.बी.साठी घेतात. आपल्या किती वसतिगृहांच्या फलकावर त्याची जाहिरात लागते?

आणि आपल्या खासदारांसाठी एक काम. शुल्कमाफीच्या निमित्ताने सी.डी.एस.च्या अर्जात उमेदवाराचा प्रवर्ग लिहून घेतला जातो. संरक्षण खाते हजारो अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या असल्याचे संसदेत वेळोवेळी मान्य करते. तेव्हा अनुसूचित जातींचे किती उमेदवार परीक्षेला बसले, किती एस.एस.बी.पर्यंत गेले आणि किती जणांच्या खांद्यावर तारे चढले, हे तीन आकडे वर्षवार सभागृहात मागा.