उरलेली शेव

दिवाळी संपली की आमच्या सकाळी फिरणाऱ्या टोळक्याच्या अंगात काहीतरी शिरतं, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. मागं गडकिल्ले झाले. यंदा पक्षी. मोठी लेन्स सांगलीहून भाड्यानं आणली. गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली, मला मधली.

गेलो उजनीच्या फुगवट्यावर. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. तेव्हापासून भिगवण, कुंभारगावच्या बाजूला पाण्याबाहेर राहिलेल्या उंचवट्यांची बेटं झाली आहेत. रोहित तिथं चिखलात चोच उलटी घालून चरतो, म्हणजे त्याला पाणी उथळ लागतं. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असताना तो चिखल खोल पाण्याखाली. नावाड्यानं फोनवरच सांगितलं होतं, "पाणी उतरू द्या, जानेवारीच्या पुढं या." पण तेव्हा आमच्या द्राक्षबागांत माल तयार होतो. पक्षी बघायला सवड कुणाला?

तर रोहित नाहीत. एका बेटावर चित्रबलाक उभे होते, ते हलेनात. आमचे बागायतदार मित्र म्हणाले, "मामा, नाव जरा अंगावर घाला की. उडताना फोटो पाहिजे."

"त्यांना उडायचं तेव्हा उडतील," मामा म्हणाले. वल्हं जागेवर.

मग पिशवीतून दिवाळीची शेव निघाली. घरात कुणी तोंड लावलं नव्हतं ती. मूठभर हवेत गेली आणि नावेभोवती कुरवांचा कालवा. तिबेट-लडाखच्या तळ्यांवर वाढलेला पक्षी तासगावच्या खवट शेवेवर झडप घालतो आणि वर आमची मंडळी त्याला 'ॲक्शन' म्हणतात! मी बोललो. "तुमचं आपलं काहीतरीच," असं उत्तर मिळालं.

हेच मित्र हिवाळाभर भोरड्यांच्या नावानं बोटं मोडतात. भोरडीही मध्य आशियातूनच येते. अंग गुलाबी, डोकं काळंभोर, आणि थवा वळला की आभाळ वळल्यासारखं वाटतं. तिच्यासाठी नाव लागत नाही, लेन्सही नाही. शाळूच्या रानाकडेला उभं राहिलं की झालं. पण तिच्या वाट्याला फटाके, डबे आणि गोफण. मित्राला ती किती वाजता, कुठल्या अंगानं बागेवर उतरते हे इतकं पक्कं ठाऊक आहे, की पक्षीतज्ज्ञानं वही काढावी. फोटो मात्र एक नाही. घड तिनं फोडायचा आणि फोटो आपण काढायचा, हे त्याला पटत नाही. त्याचंही खोटं नाही म्हणा. छाटणीपासून औषधापर्यंतचा खर्च भोरडी देत नाही.

काठावर उतरलो तर मासेमारीची जुनी जाळी वाळत पडलेली. मित्रानं कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, वाकून जाळ्याचं भोक बोटानं मापलं आणि विचारलं, "मामा, किलोवर देता का नगावर?"

बेटांवर गेला नव्हता एवढा वेळ त्या घासाघिशीत गेला. परतताना डिकीत जाळी, मासळीचा वास गाडीभर, आणि भाड्याची लेन्स माझ्या मांडीवर.