लाजेचा माल म्हणून ठेवायचाच नाही का?

औषधे व सर्जिकल वस्तूंचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. दुकानात मोठ्या माणसांच्या डायपरची थप्पी असते. पण स्त्रियांसाठीची पेसरी मागितली, तर अनेकदा "मागवावी लागेल" एवढेच उत्तर मिळते. असे का?

खोकला, शिंक किंवा हसू आले, पाण्याची घागर उचलली, की नकळत लघवी सुटते. हा त्रास बाळंतपणे झालेल्या कितीतरी स्त्रियांना असतो. मूत्रमार्गाला आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात. ही गोष्ट नवऱ्यालाही सांगितली जात नाही. बाई लग्नकार्याला जाणे टाळते, शिलाई मशीनवरून सारखी उठते, वजू पुन्हा पुन्हा करते.

शस्त्रक्रिया हाच उपाय आहे असे नाही. पहिला उपाय बिनखर्चाचा, अमेरिकेच्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेला स्नायू आवळण्याचा व्यायाम. तो नेमाने निदान तीन महिने करावा लागतो. दुसरा उपाय पेसरी. सिलिकॉनची ही कडी योनिमार्गात बसवतात. या त्रासासाठीच्या कडीला एक गाठ असते. ती मूत्रमार्गाला टेका देते, म्हणून खोकल्याच्या दाबाने लघवी निसटत नाही. कडी धुऊन पुन्हा वापरता येते. अमेरिकेत ४४६ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी त्यात व्यायामाचे पारडे जड होते, वर्षअखेरीस मात्र दोन्ही उपायांत फारसा फरक उरला नव्हता.

अडचण मापाची आहे. मणियार हात पाहून बांगडी भरतो, तसे इथे डॉक्टरीणबाईंनी तपासून माप ठरवावे लागते. कडी लहान झाली तर निसटते, मोठी झाली तर आत जखम करते. तेव्हा एकाच मापाचे दोन नग ठेवून भागत नाही, आणि पडून राहिलेल्या मालात पैसा अडकतो. शिवाय डायपर रोज खपतो, पेसरी एकदा घेतली की पुष्कळ दिवस चालते. हा हिशेब मलाही कळतो. पण रोज डायपर घेणे जिला परवडत नाही, ती बाई तुमच्या दुकानात येतच नाही, हेही त्याच वहीत लिहायला हवे.

पहिल्या खेपेस जवळच्या डॉक्टरीणबाईंना विचारून नेहमी लागणारी तीन-चार मापे मागवावीत. दुपारी दोन तास गल्ल्यावर घरातली बाई बसवावी. चिठ्ठीशिवाय पेसरी देऊ नये, आणि वापरलेला नग बदलून देऊ नये.