उन्हाळा, बाळ आणि बाळंतिणीचा तांब्या



गहू मंडीत पोहोचला, लसणाच्या जुड्या आढ्याला टांगल्या गेल्या आणि माळव्यातला खरा उन्हाळा सुरू झाला. पुढे जूनच्या अखेरीस सोयाबीनच्या पेरणीची घाई होईपर्यंत घरात थोडी उसंत असते, म्हणून या दिवसांत आम्ही माधवनगरात आणि आसपासच्या खेड्यांत घरभेटी उरकून घेतो. अशाच एका भेटीत गेल्या वैशाखात जे पाहिले, त्यावरून हा लेख सुचला.

बाहेर पारा बेचाळिशीला टेकला होता. घरात नव्याने आलेल्या बाळाला आशीर्वाद द्यावा म्हणून आम्हाला आतल्या खोलीत नेले. खिडकीला गोधडी ठोकलेली. कोपऱ्यात कोळशाची शेगडी. बाळंतीण कानाला फडके बांधून बसलेली, आणि बाळाच्या अंगावर झबले, त्यावर स्वेटर, डोक्याला टोपरे, वर पुन्हा कुंची. बाळाचा चेहरा लालबुंद झाला होता. आजीबाई बोंडल्याने त्याला उकळलेले पाणी पाजत होत्या. आम्ही सुनेला विचारले, "मुली, तू दिवसभरात पाणी किती पितेस?" तिने उत्तर दिले नाही. तिने सासूकडे पाहिले. आजीबाईंनी कोनाड्यातले लहानसे फुलपात्र दाखवले, "हे, सकाळ-संध्याकाळ. ओली बाळंतीण आहे, फादर. जास्त पाणी दिलं तर पोट सुटेल."

पाण्याची गरज नसलेल्या बाळाला पाणी मिळत होते आणि जिला त्याची खरी गरज होती तिला ते मापून दिले जात होते. आमच्या मते उन्हाळ्यात तान्ह्या बाळांची जी आबाळ होते, तिचे मूळ बहुधा याच उलट्या हिशेबात असते.

कोणी म्हणेल, फादरना बाळंतपणातले काय कळते! खरेच आहे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. बाळ न्हाऊ घालण्याचा धडा तिथे नव्हता. पण गेली कित्येक वर्षे डॉक्टर, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या यांच्याकडून जे शिकलो आणि घराघरांतून जे पाहिले, ते सांगणे आमचे कर्तव्य आहे.

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला, ते अंगावर पीत असेल तर, वरचे पाणी लागत नाही. उन्हाळ्यातही लागत नाही. हे ऐकून पुष्कळ जण मान हलवतात, कारण आपला घसा कोरडा पडलेला असताना बाळाला थेंबभर पाणी द्यायचे नाही, हे मनाला निर्दयपणाचे वाटते. पण आईच्या दुधाच्या शंभर भागांत सुमारे अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. दूध पाजणे म्हणजे स्वच्छ, कोमट, मापात मीठ-साखर असलेले पाणी पाजणेच होय. ही केवळ पुस्तकातली गोष्ट नाही. आपल्या देशात, आपल्याच उन्हाळ्यात तिची परीक्षा झाली आहे. ग्रामीण भारतातल्या रणरणत्या कोरड्या हवेत अंगावर पिणाऱ्या बाळांवर केलेला एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला, आणि दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. सचदेव व त्यांच्या सहकाऱ्यांचा दुसरा अभ्यास १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन्हींचा निष्कर्ष एकच : नुसत्या आईच्या दुधावर असलेल्या बाळांना पाण्याची कमतरता भासली नाही.

उलट वरच्या पाण्याने तोटा होतो. बाळाचे पोट ते केवढे! ते पाण्याने भरले की बाळ कमी ओढते, ओढणे कमी झाले की दूध कमी येते, मग आजी म्हणतात, "बघा, हिला दूधच नाही." पाणी फार झाले तर रक्तातले मीठ पातळ होऊन आकडीसुद्धा येऊ शकते. त्यातून उन्हाळ्यातले पाणी ते. विहिरी तळाला गेलेल्या, नळाला दिवसाआड पाणी, पिंपात साठवलेले तेच चार दिवस. बोंडले कितीही घासले तरी त्याच्या चोचीत काय राहते ते दिसत नाही. बाळगुटी आणि ग्राईप वॉटर यांनाही हेच लागू आहे. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यातून क्वचित एक घातक विषबाधा होते. आणि बाळंतपणानंतरचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकण्याची चाल अजून काही घरांत आहे, ती बंद झाली पाहिजे. उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळाला पहिल्या आठवड्यात दूध पुरेसे मिळाले नाही, तर ते सुकते आणि त्याला तापही भरतो.

आता आईकडे वळू. दूध नीट येत असलेली आई दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध देते. ते पाणी तिच्याच शरीरातून जाते. शिवाय तिला घाम येतो तो वेगळाच. घडाभर पाणी प्यायले म्हणजे घडाभर दूध येते असे मात्र नाही, त्यामुळे बळजबरीही नको. पण तहान मारू नये. तहान मारलेल्या बाईला चक्कर येते, लघवीला जळजळ होते, बद्धकोष्ठ होते, आणि ती इतकी गळून जाते की बाळाला जवळ घेण्याचे त्राण राहत नाही. पाण्याने पोट सुटत नाही. बाळंतपणात ताणलेले पोट सावकाश जागेवर येते, त्याचा तांब्याशी संबंध नाही. आपल्याकडे गाभण गाय व्याली की तिच्यापुढे पाण्याची घमेली भरून ठेवतो. दुभत्या म्हशीला उन्हात पाणी कमी पाजणाऱ्या गड्याला आपण मूर्ख म्हणू. सुनेच्या बाबतीत हेच शहाणपण कुठे जाते?

आम्ही आजीबाईंना दोष देत नाही. शेगडी, बंद खोली, कानाचे फडके या चाली पाऊस-थंडीच्या दिवसांत, गळक्या घरांत उपयोगी पडल्या असतील. पण चालीला ऋतू कळत नाही, माणसाला कळला पाहिजे. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कोणत्याच ऋतूत ठेवू नये. तिच्या वायूने झोपेतच जीव जातो.

खोलीचा विषय निघालाच आहे, म्हणून अहमदाबादची गोष्ट सांगतो. २१ मे २०१० रोजी तिथे पारा ४६.८ अंश सेल्सियसवर गेला. त्या उन्हाळ्यात तिथल्या महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयात उष्म्याने त्रासलेली नवजात बाळे अतिदक्षता विभागात एकामागून एक येऊ लागली. शोध घेता दिसले की बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. पुढे तो खालच्या मजल्यावर हलवला, आणि अशी बाळे भरती होण्याचे प्रमाण पुष्कळ उतरले. पारा बेचाळीसच्या पुढे गेला की प्रत्येक अंशामागे ही भरती सुमारे ४३ टक्क्यांनी वाढत होती, असेही त्या अभ्यासात आढळले. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्म्याशी सामना करण्याची योजना आखली, ती देशातली पहिली.

औषध बदलले नाही, यंत्र आणले नाही. खाटा खाली आणल्या. आपल्याला हे करता येण्यासारखे आहे. नवीन खोली पत्र्याची आहे आणि तिला दार-कडी चांगली आहे म्हणून बाळंतिणीला तिथे ठेवतात, आणि जुन्या मातीच्या घरात बी-बियाणे व खताची पोती असतात. अदलाबदल करा. पत्रा असेलच तर वर चुन्याचा जाड हात द्या किंवा तुरकाट्या, पाचट पसरा, मात्र चुलीच्या धुराड्यापासून दूर. खिडकीला गोधडीऐवजी ओले गोणपाट किंवा वाळ्याची ताटी लावा. चाळिशीच्या वरच्या हवेत नुसता पंखा गरम वाराच फेकतो. तीच हवा ओल्यातून आली की गार होते. माळव्याची हवा कोरडी असल्याने कूलरही इथे चांगला चालतो. त्याचा झोत थेट बाळावर नको, टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण उपसून टाकी घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. आणि कूलर चालू असताना त्यात हात घालू नये, लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नये. विजेचा धक्का बसून दरवर्षी माणसे दगावतात. माळव्याच्या रात्रींचे तर पूर्वीपासून नाव आहे, 'शब-ए-मालवा' म्हणतात ती उगीच नव्हे. ऊन उतरले की बाळाला अंगणात, मच्छरदाणीत आणावे.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. घरात एक सैल सुती झबले पुरे, भर दुपारी नुसते दुपटेही चालते. मोजे, टोपरे, नायलॉनची लेस काही नको. घामोळ्यावर पावडर किंवा शंखजिरे थापू नये, ते श्वासातून आत जाते. साध्या पाण्याने अंघोळ घालावी आणि अंग कोरडे ठेवावे. फटफटीवर बाळाला पदरात घट्ट गुंडाळून बारा वाजता इंदूर गाठायचे, हा प्रकार तर थांबलाच पाहिजे.

इथे आमचीही एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात पाहुण्यांच्या सोयीसाठी आम्ही बाप्तिस्मा सकाळी साडेअकराला ठेवला. बाळाला अस्तराचा चकचकीत झगा, टोपी, पायात बूट. आमचे प्रवचन लांबले, ते नेहमीच लांबते. प्रार्थना चालू असताना बाळ रडायचे थांबले, आणि आम्हाला बरे वाटले! पहिल्या बाकावर बसलेल्या एका परिचारिकेला मात्र ती शांतता खटकली. तिने विचारले नाही, बाळ उचलले, आतल्या खोलीत नेऊन सगळे कपडे उतरवले, ओल्या रुमालाने अंग पुसले आणि आईला पाजायला लावले. पाच-दहा मिनिटांनी आतून रडणे ऐकू आले. इतके गोड रडणे आम्ही ऐकले नाही. अभिषेकाचे तेल हातात घेऊन आम्ही तोवर नुसते उभे होतो.

म्हणून उन्हाळ्यात बाळ गप्प झाले तर समाधान मानू नका. पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत सहा वेळा तरी दुपटे ओले व्हायला हवे. लघवी कमी व गडद, टाळू खोल गेलेली, तोंड कोरडे, ओढायला कंटाळा, अंग तापलेले आणि धाप, ही लक्षणे दिसली की बाळाला सावलीत न्या, कपडे काढा, साध्या पाण्याने पुसा, पाजत राहा आणि लगेच निघा : शासकीय माधवनगर रुग्णालय, चरक रुग्णालय, जे जवळ असेल ते, वाहन नसेल तर १०८ लावा. बर्फ लावू नका, तापाचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

ज्या बाळांना काही कारणाने वरचे दूध द्यावे लागते, त्यांच्या आईला कोणी बोल लावू नये. दूध वाटी-चमच्याने द्यावे, बाटलीने नको, आणि तयार केलेले दूध दोन तासांवर ठेवू नये. उकळून गार केलेले पाणी अशा बाळाला किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. सहा महिन्यांनंतर वरणभात, कुस्करलेले केळे आणि सोबत उकळलेले पाणी घोट-घोट सुरू करावे. जुलाब लागले तर सरकारी केंद्रात फुकट मिळणारी ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून थोडी-थोडी पाजावी, दूध थांबवू नये. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. दुकानातली गोड रंगीत पेये मात्र घेऊ नका. नावात ओआरएस मिरवायला त्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली आहे.

आणखी एक गोष्ट पुरुषांसाठी. कांदा काढणी अजून चालू आहे. तान्ह्या बाळाची आई पात कापायला बसली असेल, तर बाळाची झोळी लिंबाच्या दाट सावलीत असावी आणि सावली सरकली की झोळीही सरकवावी. बाळ रडले की तिने हात धुऊन उठावे, आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी कापू नये. अकरा ते चार तिला रानात नेऊच नये. घरच्या सुनेला तर मजुरीही नसते, म्हणून तिला कोणी उठ म्हणत नाही. ते म्हणायचे काम नवऱ्याचे.

त्या घरी आम्ही पुन्हा गेलो होतो. खिडकीची गोधडी निघाली होती, आणि बाळंतिणीच्या उशाशी झाकलेला मोठा तांब्या होता. आजीबाई म्हणाल्या, "पाणी कोमटच देते हं, फादर." आम्ही म्हटले, आजी, कोमट चालेल, तांब्या भरलेला असू द्या.

या वर्षी पाऊस पडेपर्यंत बाप्तिस्मे सकाळी सातच्या मिस्सेनंतर लगेच होतील, प्रवचन पाच मिनिटांचे. बाळाला सुती झबल्यात आणावे. पांढरे वस्त्र म्हणून सुती दुपटे चालेल. आईसाठी पाण्याचा माठ आणि पाजण्यासाठी आडोशाची खोली आतल्या दालनात ठेवली आहे.